ग्रँड रिव्हरवरून डेट्रॉइट, बापट सरांसकट

माझ्या मुलीच्या किचनमध्ये एक ड्रॉवर आहे. इथल्या बहुतेक मराठी घरांत असतो. त्यात केचपच्या पुड्या असतात. त्या कुणी विकत आणलेल्या नसतात, कुणी वापरत नाही आणि टाकवतही नाहीत. किस्स्यांचंही तसंच आहे. तीन म्हातारी माणसं एका गाडीत बसून दर आठवड्याला शहर बघायला निघाली की ते आपोआप साठतात. माझा ड्रॉवर आता लागेना, म्हणून लिहायला बसलो. मी सातवी नापास. शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं.

माणसं तीन. एक मी, दत्तोबा. कराडला जन्मभर लाउडस्पीकर भाड्याने दिले. दुसऱ्या नेने वहिनी, पुण्याच्या. तिघांत लायसन्स फक्त त्यांच्याकडे, त्यामुळे मत पण फक्त त्यांनाच. तिसरे बापट सर, नागपूरला कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. तिघंही डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात मुलांकडे राहतो. मुलं गाड्यांच्या कंपन्यांत इंजिनियर, आणि आम्ही त्यांच्या बेसमेंटमधले जुने स्पेअर पार्ट.

बापट सरांची बायको गेली, तेव्हा त्यांच्या मुलाने, अनिरुद्धने, त्यांना इकडे आणलं. पण सर परतीचं तिकीट काढूनच आले होते, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारचं. का जायचं, तर म्हणे, "इथे कान रिकामे राहतात हो. ऐकायला काही नाही. फ्रीजचा आवाज ऐकून राहिलो मी."

नागपुरात हा माणूस प्रत्येक मैफलीत पहिल्या रांगेत बसायचा. स्वतः कधी गायला नाही, वाजवलं नाही. नुसता ऐकायचा, आणि गवई त्याच्याकडे बघून गायचे. असं तो सांगतो.

अनिरुद्धने मला बाजूला घेतलं. "काका, तिकडे फ्लॅटमध्ये ते एकटेच राहणार यार. जेवतील की नाही तेसुद्धा मला कळणार नाही. इथे त्यांना करमेल असं काहीतरी करा ना."

मी म्हटलं, करतो. खरं सांगायचं तर मला त्याच्याइतकीच गरज होती. चेष्टा केल्यावर इतका नीट चिडणारा माणूस मला आख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा मिळाला नसता.

*

पहिला प्रश्न, डेट्रॉइटला जायचं कसं? फ्रीवेने अर्धा तास. पण नेने वहिनी फ्रीवेवर जात नाहीत. ग्रँड रिव्हर नावाचा जुना रस्ता आमच्या नोव्हायमधून सरळ शहरात जातो, सिग्नल मोजत मोजत. सव्वा तास लागतो.

सरांनी विचारलं, "वहिनी, फ्रीवेला तुम्हाला स्पीडची भीती वाटते का?"

"स्पीडची कशाला वाटेल? मर्ज व्हायचं म्हणजे चालत्या गाड्यांच्या मध्ये घुसायचं. ओळख ना पाळख. ते माझ्या स्वभावात नाही."

मागून एकाने हॉर्न मारला. वहिनींनी आरशात बघून त्याला नमस्कार केला. पुढच्या सिग्नलपर्यंत तो बिचारा वाजवायचं विसरला.

*

डायनरला गेलो की मी हळूच वेट्रेसच्या कानात सांगायचो, "आज आमच्या सरांचा वाढदिवस आहे." मग आइस्क्रीमवर मेणबत्ती यायची, आचारी हात पुसत बाहेर यायचा आणि सगळे टाळ्या वाजवून गायचे. वेगवेगळ्या डायनरमध्ये एका महिन्यात सरांचे चार वाढदिवस झाले.

पहिल्याला सर लाजले. दुसऱ्याला माझ्याकडे रोखून बघितलं. तिसऱ्याला आचाऱ्याला थांबवून म्हणाले, "तिसऱ्या ओळीत तुम्ही सगळे चढे जाता. परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं!

चौथ्याला वेट्रेसने वय विचारलं. सर म्हणाले, "सत्त्याहत्तर होतं. आता एक्क्याऐंशी. या गतीने पाच महिन्यांत शंभरी गाठतो. पण तोवर मी नागपूरला असेन."

आइस्क्रीम मात्र पूर्ण संपवलं.

*

कॉफीचा किस्सा याच चौथ्या डायनरमधला. तिथली वेट्रेस डोना, साठीची, चष्मा दोरीला बांधलेला. कप रिकामा दिसला की भरायचा, हा तिचा धर्म. पानात काही टाकायचं नाही, हा सरांचा. दोन धर्म समोरासमोर आले.

सरांनी कप संपवला, तिने भरला. त्यांनी संपवला, तिने भरला. सहाव्या कपाला सरांच्या कपाळावर घाम आला. "दत्तोबा, ही बाई थांबत काहून नाही?"

"सर, तुम्ही संपवताय म्हणून."

"मग काय टाकून देऊ?"

सातव्याला डोना आली, तेव्हा वहिनींनी न बोलता हात पुढे केला आणि पंगतीत जिलबीवाल्याला अडवतात तसा सरांच्या कपावर आडवा धरला. डोना थांबली. हसली. मग डोळा चुकवून बोटांच्या फटीतून थोडीशी ओतलीच.

वहिनी म्हणाल्या, "हिला आपल्याकडच्या लग्नात वाढायला न्यायला पाहिजे."

*

तिथून निघालो ते ईस्टर्न मार्केटला. तिथे भिंतीभिंतीवर चित्रं आहेत. दोन मजली बायका, तीन मजली मासे, एका गोदामावर तर नुसता एक डोळा, बसएवढा. वहिनी फोटो काढत होत्या. मी इकडेतिकडे बघत होतो. सर मात्र काहीच बघत नव्हते. कॉफीचे सहा-सात कप पोटात होते.

"दत्तोबा, इथे सोय कुठे असेल?"

समोर एका विटांच्या भिंतीवर हिरवं दार होतं. पितळी मूठ, खाली पायपुसणं, वर दिवा, दिव्याची सावलीसुद्धा. म्हटलं, "ते काय, समोरच."

सर लगबगीने गेले. दार वाजवलं. थोडे थांबले. परत वाजवलं. मग दोन पावलं मागे आले आणि हाताची घडी घालून भल्या माणसासारखे उभे राहिले.

वहिनींनी विचारलं, "काय हो, काय झालं?"

सर हळू आवाजात म्हणाले, "आत कुणीतरी आहे."

दार रंगवलेलं होतं. शेजारच्या भिंतीपाशी शिडीवर बसून एक पोरगी फवारे मारत होती, ते दार तिनेच काढलेलं. ती हसत हसत खाली उतरली आणि सरांना हाताला धरून आपल्या वर्कशॉपमधल्या खऱ्या दाराकडे घेऊन गेली. जाताना म्हणाली, तिच्या कामाला इतकी मोठी शाबासकी अजून कुणी दिली नव्हती.

सर माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. वहिनींनी दोन आठवडे गाडीतला चकलीचा डबा माझ्या बाजूने उघडला नाही. मला वाटलं, झालं, गेला हा नागपूरला, आणि माझ्यामुळे गेला.

*

आता गाण्याचं. एका पार्कात गिटारवाला ऐकवला. तो पायाने मशीन दाबून आपलंच गाणं आपल्यालाच साथीला घेत होता. सर म्हणाले, "बाकीचे लोक याला सोडून गेले का?" महाराष्ट्र मंडळाच्या कराओकेला नेलं, तर तिथून पाणी प्यायला म्हणून उठले ते थेट गाडीत जाऊन बसले.

शेवटी डोनाने पत्ता दिला. तिच्या डायनरमागे एक छोटं रेस्टॉरंट आहे. तिथे रविवारी दुपारी तीनला वाजवणारे जमतात. दारात एक कागद असतो, ज्याला वाजवायचं त्याने नाव आणि वाद्य लिहायचं. ड्रमवर बसतो तो अर्ल, सत्तरीचा, टोपी घातलेला. तोच यादी वाचून माणसं बोलावतो.

गेलो. संथ चालीचं काहीतरी सुरू होतं. सर आधी पाठ टेकून बसले. मग पुढे सरकले. मग डोळे मिटून मांडीवर बोटं मोजायला लागले. थोड्या वेळाने माझ्या कानात म्हणाले, "अठ्ठेचाळीस मात्रा. मग सम."

झालं. आता सर समेवर मांडीवर थाप मारायचे आणि आवर्तनाच्या मध्यावर, तालातली खाली दाखवायला, हात वर करून पालथा करायचे. तिथल्या वेट्रेसला वाटलं, बोलावतायत. ती आली. सरांचे डोळे मिटलेले. ती गेली. पाऊण मिनिटाने परत हात वर. परत आली. असं पाच वेळा झाल्यावर तिने त्यांच्या वर गेलेल्या हातात लिंबाच्या सरबताचा ग्लासच ठेवला.

सरांनी डोळे न उघडता तो खाली ठेवला, बरोबर समेवर.

तिकडे अर्ल हे बघत होता. परतताना गाडीत मी विचारलं, "सर, कसं काय वाटलं?"

"बरं आहे," सर म्हणाले. "आता काय उपयोग? बॅग भरून झाली."

*

पुढचा रविवार शेवटचा. गुरुवारचं विमान. मला राहवेना. आत शिरताना सर बूट पुसत होते, तेवढ्यात मी दारातल्या कागदावर नाव लिहिलं. बापट, नागपूर. वाद्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, म्हणून 'इअर', म्हणजे कान, असं लिहिलं.

चौथ्या नंबरला अर्लने कागद डोळ्यांजवळ नेला. "बापट. नागपूर. ऑन..." तो थांबला. "...इअर?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. सत्त्याहत्तर वर्षांत हा माणूस कधी स्टेजवर चढला नव्हता, हे मला माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं होतं. वहिनी दात आवळून म्हणाल्या, "दत्तोबा, आज तुम्ही चालत घरी जायचं."

सर उठले. बसले होते तीच खुर्ची त्यांनी उचलली. दोन टेबलांमधून वाट काढत स्टेजवर नेली आणि ड्रमच्या समोर ठेवली, लोकांकडे पाठ करून. बूट काढले. खुर्चीवर मांडी घातली.

"नाऊ स्टार्ट," ते म्हणाले.

अर्लने बाकीच्यांकडे बघितलं, खांदे उडवले आणि सुरू केलं. आम्हाला दिसत होती फक्त सरांची पाठ आणि वर जाणारा हात. अर्लची नजर त्या हातावर. वाजवून झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी नाही.

"वन्स मोअर," सर म्हणाले. "यू आर हरीइंग."

टाळ्या बंद पडल्या. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. अर्लने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"कुठे?" त्याने विचारलं.

सरांनी बोटांवर मोजून दाखवलं. तेहतिसाव्या मात्रेपासून.

अर्लने टोपी परत घातली. ते पहिल्यापासून वाजवलं. तीनदा.

घरी येताना सर फार्मिंग्टनच्या सिग्नलला फक्त एवढंच म्हणाले, "अजून थोडी घाई आहेच."

गुरुवारी मी फोन केला नाही. निरोप देणं मला जमत नाही, त्यावर चेष्टा सुचत नाही. अनिरुद्धचाही आला नाही. मला वाटलं, एअरपोर्टच्या गडबडीत असेल.

रविवारी वहिनी म्हणाल्या, "बसा गाडीत. चकली आणलीय." निघालो. त्या दिवशी सगळे सिग्नल लाल. वहिनींनी चकलीचा डबा माझ्या बाजूने उघडला, पण माझ्याच्याने खाववेना. पोचेपर्यंत सव्वातीन झाले होते.

दार ढकललं. आत वाजत होतं. ड्रमसमोर एक खुर्ची होती, लोकांकडे पाठ केलेली. खाली जोडीने ठेवलेले बूट. पलीकडच्या टेबलाशी गाडीची किल्ली घेऊन अनिरुद्ध.

खुर्चीतून मान वळली नाही, हात तेवढा वर झाला.

"लेट येऊन राहिले तुम्ही. बसा. बोलू नका."