आधी वाचून दाखवायचं!

गेल्या नवरात्रात घटासमोर हात जोडून मी एक संकल्प सोडला. ज्या माणसावरून पात्र घेईन, त्याला वाचून दाखवल्याशिवाय कथा कुठेही पाठवणार नाही! आमचं पिपरी मेघेतलं पोथीचं मंडळ. वाचन आटोपलं की सुनंदाताई, मीना आणि मी, आम्ही तिघी कथा लिहितो. पात्रं आणायची कुठून? घरातूनच! मग किस्से निर्माल्यासारखे रोजचे रोज साचतात.

*

सुनंदाताईंनी कथेतला नवरा पहिल्याच पानावर मारला. त्यांच्या यजमानांनी, आमच्या भावजींनी, वही उघडली, तर तोच दोरी बांधलेला चष्मा, तीच तंबाखूची डबी! बिचारे पांढरेफटक पडले.

"काऊन वं, मले काऊन मारलं?"

"अवो, नायिकेले दुःख पाहिजे होतं नं!"

"मंग त्याच्यासाठी मी जित्ता पुरत नाई का?"

*

मीनाचं माहेर हिंगणघाटचं. भावाचं कापडाचं दुकान. तिच्या कथेतला कंजूस दुकानदार गिऱ्हाईक उठलं की पंखा बंद करतो. तिनं ती दुकानातच भावाला भीत भीत वाचून दाखवली. तो मात्र खदखदून हसला.

"हा तं आपला समोरचा शेठ! हुबेहूब!"

आणि मीना निघाली तशी त्यानं उठून पंखा बंद केला!

*

माझी अडचण उलटी. मला वाईट माणूस जमतच नाही. माझा चोर पाय धुऊन घरात शिरला, तेव्हा सुनंदाताईंनी कपाळावर हात मारला. "माई, त्याले चोरी तरी करू दे! पात्रात एखादी खोट पाहिजे नं!"

*

मग मी सासू लिहिली. सून जेवायला बसायच्या आधी रोज स्वयंपाकघरात येणारी, डब्याचं झाकण उचलून पोळ्या मोजणारी. मंडळात सगळ्यांनी कथा वाखाणली. पाठवायची तयारी झाली, अन् संकल्प आठवला!

सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. समोर बसून शेवटपर्यंत वाचलं. त्यांचे हात थांबले.

"हे मीच होय नं?"

मी वही मिटून मान हलवली.

"सारं बरोबर लिवलं, बाई. पण ते झाकण काऊन उचलते, ते नाई लिवलं तुनं."

"काऊन, आई?"

"तुह्यासाठी उरल्या का नाई, ते पाहाले. मी नवी होती, तवा कोणी पाहत नव्हतं."

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

कथा अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही लिहीत असाल, तर एवढा नेम तुम्हीही पाळा. पाठवायच्या आधी त्या माणसाजवळ बसा, आणि वाचून दाखवा.