पाहुण्यांच्या सपाता

रेल्वेने युरोप फिरताना एका लहान गावात मी दोन दिवस प्रवाशांना खोली भाड्याने देणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी राहिले. दारातच त्यांनी माझ्यापुढे टाचेला झिजलेल्या लोकरीच्या सपाता ठेवल्या. "बायकोच्या आहेत," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "ती गेली, चार वर्षं झाली." आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या चपला शक्यतो घरात ठेवत नाहीत. तरी मी त्यांत पाय घातले. मापात बसल्या.

सकाळी ते खिडकीकडे तोंड करून कॉफी ढवळत बसत. मी लाकडी जमिनीवरून चालू लागले की त्यांचा चमचा थांबे. शेवटी मी विचारलंच, "आवाजाचा त्रास होतो का?"

"नाही. ती डावा पाय जरा ओढायची. तुम्ही नाही ओढत. कुणीच पाहुणा ओढत नाही."

माणसामागे फोटो राहतात, कपडे राहतात, चाल राहत नाही. माझ्या आईचा चेहरा मला लख्ख आठवतो, पण ती घरात कशी चालायची ते मी केव्हाच विसरले आहे.

निघताना मी बूट चढवले. त्यांनी वाकून सपाता उचलल्या, झटकल्या आणि पुन्हा दाराशी जोडीने लावल्या. संध्याकाळच्या गाडीने आणखी कुणीतरी येणार होतं.