नंबरकाकांनी परत पाठवलेली नर्सबाई

चष्म्याच्या दुकानदाराला सगळी गल्ली नंबरकाका म्हणायची. तोंडावर काका, पाठीमागे नुसतंच नंबर. माणूस सज्जन, पण एका बाबतीत हटवादी. दोन वर्षांपूर्वीची डोळ्यांच्या नंबरची चिठ्ठी घेऊन कोणी आलं की काका ती मेलेलं झुरळ उचलावं तशी दोन बोटांत धरायचे आणि परत करायचे. "डोळा काय तुमच्या चिठ्ठीसाठी थांबून राहिलाय? आधी तपासून या." गिऱ्हाईक गेलं तर गेलं. मागच्या खोलीतून ताई म्हणायची, "अरे, अशानं शेवटी आपण दोघंच एकमेकांना चष्मे विकत बसू."

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, धाकट्याला हिनंच वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. लग्न काकांचंही राहिलं, पण ते कोणी मुलगी देईना म्हणून. सांध्यांच्या दुखण्यावर ताई रोज गोळ्या घ्यायची. त्या गोळ्यांनी दुखणं दबायचं, आणि त्याबरोबर अंगातली आजाराशी लढायची ताकदही.

साथीत पहिल्यांदा लस आली तेव्हा काकांनी तिला हाताला धरून नेलं, रांगेत उभं केलं, एकामागून एक तीन डोस देववले. दोघांची सर्टिफिकेटं लॅमिनेट करून काउंटरमागे अशी टांगली की बघणाऱ्याला वाटावं, भाऊबहीण एकदमच डॉक्टर झाले.

गेल्या थंडीच्या तोंडाला आरोग्य केंद्रातली नर्सबाई यादी घेऊन दुकानात आली. विषाणूनं पुन्हा रूप बदललंय, त्यावर बेतलेला डोस आलाय, म्हाताऱ्यांना आणि असल्या गोळ्या घेणाऱ्यांना आधी देतोय, असं तिनं सांगितलं.

"आमचे तीन झालेत," काकांनी भिंतीकडे बोट केलं.

"ते जुन्या रूपावरचे, काका. आणि त्यांचा जोरही आता उतरलाय."

"तो पुन्हा बदलेल, तुम्ही पुन्हा याल. आमचा दंड आहे की टाचण्यांची उशी?"

"ताईंना तरी विचारा."

"तिचं सगळं मीच बघतो."

नर्सबाईनं यादीत एक रेघ ओढली आणि ती पुढच्या दुकानात शिरली. जुनी चिठ्ठी चिमटीत धरणाऱ्या माणसाला त्या घटकेला काहीच खटकलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दीडेक महिन्यानं एक खोकणारं गिऱ्हाईक आलं. नाकावर फ्रेम बसवायची तर तोंडाजवळ तोंड न्यावंच लागतं. काकांना दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी शटर वर. येईल त्याला सांगत होते, "लस म्हणजे लस. नुसती सर्दी होऊन गेली बघा." त्यांच्यापुरतं ते खरंही होतं.

पाचव्या दिवशी ताई भांडी घासता घासता ओट्याला धरून खाली बसली. तिला उठवेना. ओठ निळसर दिसत होते.

हॉस्पिटलात अठरा दिवस गेले. काचेच्या दाराबाहेर काका डॉक्टरीणबाईंची वाट बघत उभे राहायचे. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "तिचे तीन डोस वाया गेले म्हणायचे?"

"वाया नाही गेले. ते नसते तर कदाचित इथवरही निभावलं नसतं. पण या गोळ्यांमुळे त्यांच्यात लस आधीच कमी धरते. त्यात वर्षं उलटली, विषाणू बदलला. नवा डोस घ्यायला हवा होता."

"घेतला असता तर हे झालं नसतं?"

"तसं लिहून नाही देता येत, काका. धोका कमी झाला असता, एवढंच."

डॉक्टरीणबाई 'हो' म्हणाल्या असत्या तर काकांनी स्वतःला फाडून खाल्लं असतं. 'नाही' म्हणाल्या असत्या तर झोप लागली असती. मिळालं ते मधलंच.

ताई घरी आली ती नाकात नळी आणि पलंगाशी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन. पलंगापासून मोरीपर्यंतच्या आठ पावलांत दोनदा थांबायची. फुप्फुसं आता पहिल्यासारखी होणार नाहीत, असं हॉस्पिटलनं सांगून ठेवलं होतं. समाचाराला येणाऱ्यांना ती म्हणायची, "नशीब." प्रत्येक वेळी काका उठून उगाच पाणी आणायला जायचे.

शेवटी एका दुपारी त्यांनी दुकान अर्धवट ओढून घेतलं आणि पलंगाशी स्टूल ठेवलं.

"ताई, नवी लस घ्या म्हणून सांगायला नर्सबाई आली होती. तुझ्यासाठीच. तुला न विचारता मी तिला परत पाठवलं."

ताईनं डोळे उघडले. "मी आतच होते. ऐकलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुला कळतं."

पुढं तिला आणखी काही म्हणायचं होतं. ओठ हलले, पण श्वास पुरेना. श्वास परत जुळला तेव्हा ते वाक्य ती विसरली असेल, किंवा तिनं गिळलं असेल. तिनं भिंतीकडे कूस वळवली. काकांनी तिच्या अंगाखाली अडकलेली नळी सोडवली आणि ते तसेच बसून राहिले. काय म्हणत होतीस, हे काही त्यांनी विचारलं नाही.