वरचा ड्राइव्ह, खालचा ड्राइव्ह

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम पाहते. कारखाना इंजेक्शनं बनवतो. कुठली बॅच कधी बनली, कोणी तपासली, कुठल्या गावच्या विक्रेत्याकडे गेली, या सगळ्या नोंदी सर्व्हरवर असतात. सर्व्हर गेलाच तर हाताशी असावी म्हणून त्यांची प्रत रोज टेपवर निघते. टेप म्हणजे तळहाताएवढी चपटी काळी डबी, आत गुंडाळलेली फीत. अशा चाळीस डब्या एका काचेच्या दाराच्या कपाटात उभ्या असतात आणि कपाटात एक यांत्रिक हात असतो. हवी ती डबी उचलून तो वरच्या किंवा खालच्या ड्राइव्हमध्ये सरकवतो, काम झालं की परत जागेवर ठेवतो. आपण फक्त हुकूम द्यायचा.

त्या आठवड्यात मंगळवारी विजेच्या झटक्याने सर्व्हरची डिस्क गेली. नवी डिस्क गुरुवारी सकाळी बसली, पण कोरी. टेपवरचा डेटा तिच्यावर सावकाश उतरवायचा असं मी ठरवत होते, तेवढ्यात क्वालिटीच्या मॅडम आत आल्या. निवृत्तीला आलेल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या बाई. डोक्यावरची प्लांटमधली टोपी काढायलाही त्या विसरल्या होत्या.

"मागच्या वर्षीच्या एका बॅचची डिस्पॅच यादी दे. आत्ता."

"काय झालं मॅडम?"

"एका हॉस्पिटलातून फोन आला. आपलं इंजेक्शन दिल्यावर दोन पेशंटना थंडी वाजून ताप भरला, एकाचं बीपी खाली गेलं. दोष आपल्या औषधाचा आहे की नाही ते नंतर कळेल. पण ती बॅच अजून कुठे कुठे गेलीय ते समजल्याशिवाय मी थांबवायला सांगू कुणाला?"

कागद होते, पण पालघरच्या गोदामात, पोत्यांत बांधलेले. मॅडमनी दोन माणसं तिकडे पाठवली होती. ती पोती उपसायला संध्याकाळ झाली असती.

मी हुकूम दिला. यांत्रिक हात सरकला, नेमकी डबी त्याने उचलली आणि खालच्या ड्राइव्हमध्ये घातली. मॅडमना म्हटलं, "दहा मिनिटं." दहा मिनिटांनी पडद्यावर लाल अक्षरं आली: टेप चढली नाही. मग त्या हाताने डबी परत काढायला चिमटा लावला, ओढलं, थांबला. पुन्हा ओढलं. डबी हलेना. तिसऱ्या वेळी कपाटातून करकर आवाज आला. मी यंत्राला थांबायचा हुकूम दिला. त्या नोंदींची तेवढी एकच टेप होती. दुसरी प्रत बाहेर ठेवायचा नियम होता, तो पाळायचं आमचं आज-उद्या चाललं होतं.

यंत्राच्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ड्राइव्ह गया होगा. हाथ मत लगाइए, कल आदमी भेजता हूँ." क्वालिटीच्या मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय. उद्या माणूस येईल."

"उद्या?" एवढंच म्हणून त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या.

मी मेंटेनन्सच्या फिटरना बोलावलं. तारापूरकडच्या कोळीवाड्यातले, पन्नाशीचे, कंत्राटावरचे. बारीक कामाला त्यांचा हात चांगला. ते पक्कड घेऊन आले. मी म्हटलं, "दादा, कव्हर उघडून डबी बाहेर ओढता येईल का?"

त्यांनी विजेरी मारून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ताई, ओढू नका. मशीननं आत धरून ठेवलीय ती. फीत तुटंल."

"मग काय करू? तिकडे माणसं आजारी पडतायत."

"हा दिवा बघा ना. हिरवा हाय. बिघडलेला नाय वाटत."

मी वाकून पाहिलं. खालच्या ड्राइव्हवर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. टेप आत आहे, नीट चढली आहे, वाचायला तयार आहे, असं तो दिवा सांगत होता. मी पडद्याकडे पाहिलं. तिथे खालचा ड्राइव्ह रिकामा, टेपची वाट पाहतोय. आणि वरच्या ड्राइव्हमध्ये, जिथे प्रत्यक्षात काहीच नव्हतं, तिथे टेप असल्याची खूण.

मग आठवलं. सोमवारी आम्ही दोघांनी कपाटाची मागची बाजू साफ केली होती. इथल्या हवेत समुद्राचा खार आणि वसाहतीतला धूर, दोन्ही तारांवर बसतात. फिटरनी विजेरी धरली होती. दोन्ही ड्राइव्हच्या केबल मी काढल्या, पुसल्या आणि परत लावल्या. खुणेची चिठ्ठी लावायचा कंटाळा केला. वरची केबल खाली लागली, खालची वर. यांत्रिक हात टेप खालच्या ड्राइव्हमध्ये घालत होता आणि कॉम्प्युटर वरच्याशी बोलत होता. "टेप सोड" हा निरोपही वरच्यालाच जात होता. खालच्याला कुणी सोड म्हटलंच नव्हतं, मग तो सोडेल कसा?

आणि मंगळवारपासून रोज सकाळी फोनवर प्रत निघाली नसल्याचे लाल मेसेज येत होते. पहिला मी वाचलाच नाही. पुढचे पाहून वाटलं, सर्व्हर बंद आहे, मग ते येणारच.

मी वरच्या ड्राइव्हच्या नावाने हुकूम लिहिला: टेप सोड. बोट बटणावर ठेवून थांबले. फीत मघाच्या ओढाताणीत आत अडकली असेल तर आता तुटेल, आणि मग पालघरची पोतीच. फिटर म्हणाले, "द्या हुकूम, ताई." मी बटण दाबलं.

खालच्या ड्राइव्हमधून फीत गुंडाळल्याचा बारीक आवाज येऊ लागला. मिनिट गेलं, दुसरंही गेलं. मग खट्, आणि डबी दोन बोटं बाहेर आली.

आम्ही केबल बदलल्या, या वेळी चिठ्ठ्या लावून. यंत्र पुन्हा सुरू केलं. ते एकेक डबी मोजत बसलं तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते, बसायचं सुचत नव्हतं. टेप चढली. सुरुवातीचा थोडा भाग वाचताना ती अडखळली, दोनदा मागे गेली, मग चालू लागली. सव्वातीनला यादी छापून निघाली. अकरा विक्रेते. मॅडमच्या टेबलाभोवती चौघं फोन घेऊन बसले. तासाभरात अकराही ठिकाणी खोकी बाजूला काढली गेली.

त्यातला एक विक्रेता म्हणाला, "आमच्याकडच्या नर्सिंग होममध्ये दुपारी एका बाईला दिलं हो. थंडी वाजतेय तिला."

दुपारी, म्हणजे मी मॅडमना "मशीन बिघडलंय" म्हणून सांगत होते त्याच्या आगेमागे.

माझे वरिष्ठ साहेब तोवर येऊन पोचले होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिही, केबल कंत्राटी माणसाने लावल्या. त्याला काय, दुसऱ्या कारखान्यात काम मिळेल. तुझी पंधरा वर्षांची नोकरी आहे."

मी लगेच 'नाही' म्हटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. मुलीचं कॉलेज, सरावलीच्या घराचे हप्ते, सगळं डोळ्यांपुढून गेलं. काचेतून दिसत होतं, फिटर बाहेर खाली बसून पक्कड, स्क्रू एकेक करून पेटीत भरत होते. पुरता विचार करून मी म्हटलं, "साहेब, केबल मी लावल्या. त्यांनी मला टेप ओढू दिली नाही, म्हणून यादी मिळाली. मी तसंच लिहिणार."

"तुझी मर्जी," साहेब म्हणाले आणि दार उघडून निघून गेले.

क्वालिटीच्या मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. "वेळेसकट लिही," म्हणाल्या. "मेसेज न वाचल्याचंही." मी लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मला लेखी ताकीद मिळाली आणि वर्षाची पगारवाढ थांबली. पहिले दोन्ही पेशंट घरी गेले. नर्सिंग होममधल्या बाईंचं मात्र तीन दिवस कळेना. रोज सकाळी मी मॅडमच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहायची, त्या नुसती मान हलवायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला पाहिलं आणि फोन कानाला असतानाच हाताने खुणावलं, आत ये. "उतरला ताप," त्या म्हणाल्या. "खाटेवर उठून बसलीय म्हणे." मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले.