मागून आणलेलं झबलं

आमच्या अंबडच्या कारखान्यात कसलाही उपक्रम निघाला की साहेबांची नजर फिरत फिरत स्टोअरवर येते, म्हणजे माझ्यावर. गेल्या डिसेंबरात त्यांनी फर्मान काढलं: दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या मजुरांसाठी कपडे गोळा करायचे. "तुमचा आवाज मोठा आहे, तुम्हीच घ्या मनावर." आता ही स्तुती की टोमणा, देव जाणे. खरं तर नको म्हणणार होते. घरी लेक बाळंतपणाला आलेली, माझा सगळा जीव तिच्यात. पण मांडली खोकी कॅन्टीनबाहेर.

पहिल्या आठवड्यात काय आलं? भोकं पडलेले बनियन, चेन गेलेल्या जीन्स, जोडी हरवलेले मोजे आणि मशीनशॉपमधल्या एकाची लग्नातली शेरवानी. माझं डोकंच फिरलं. भर जेवणाच्या सुट्टीत शेरवानी उंच धरून विचारलं, "ही घालून त्या माणसांनी द्राक्षं खुडायची का रे? सख्ख्या भावाला द्यायला लाज वाटणार नाही तेच आणा, नाहीतर घरी फरशी पुसा त्याने!" शेरवानीवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग मुकाट्याने स्वच्छ धुतलेले, घडी घातलेले स्वेटर घेऊन आला. त्याच्यामागे बाकीचेही आले. पुढे तर राकट हातांचे बाप्ये माझ्याभोवती बसून शर्टांना बटणं लावायला लागले. सुईत दोरा जाईना की हाक, "मावशी, ओवून द्या ना." उगाच ओरडले असं मी म्हणणार नाही, पण चांगली माणसं हो, फार चांगली.

घरी मात्र वेगळंच. लेकीला सातवा लागला होता. याआधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. डॉक्टर म्हणत होत्या, सगळं छान आहे, पण पोरगी इतकी धास्तावलेली की बाळाचं नाव काढू द्यायची नाही, घरात साधं दुपटं आणू द्यायची नाही. एका संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला: पहिलं झबलं मागून आणलेलं घालावं, धडधाकट लेकरं असलेल्या घरातलं. मला वाटलं, आमची शिकलेली लेक हसेल. ती हळूच म्हणाली, "आई, मागशील?"

मी? अहो, मी जन्मात शेजारी वाटीभर साखर मागितलेली नाही. खोक्यातलं एखादं झबलं उचललं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ते मागणं थोडंच झालं असतं?

रविवारी टेम्पो भरून आम्ही कारखान्यातली मंडळी दिंडोरीकडे गेलो. बागेच्या कडेला सुरगाण्याकडून आलेल्या कुटुंबांच्या झोपड्या होत्या. बायका प्रत्येक कपडा उलटसुलट करून, शिवण ओढून बघत होत्या, ते मला फार आवडलं. एकीच्या कडेवर गुबगुबीत पोर, दुसरं पायाशी खेळत होतं. दोघांना होतील असे स्वेटर मी तिला दिले आणि तिथेच घुटमळले. ती म्हणाली, "फोटो काढायचा हाय का?"

"नाही गं बाई. मला... मला तुझ्याकडे एक मागायचंय." माझा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. लेकीचं सगळं सांगितलं. ती हसली नाही. पोराला खाली ठेवून आत गेली आणि जुन्या लुगड्याचं शिवलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं झबलं घेऊन आली. मी हात पुढे केला तर म्हणते, "असं नाय घ्यायचं, ताई. पदर पसर."

पदर कुठला, मी पंजाबी ड्रेसमध्ये. ओढणी पसरली, सगळ्या कारखान्यासमोर. इतके दिवस ज्यांना मी फैलावर घेत होते ते सगळे बघत होते. शेरवानीवाल्याने तर मान दुसरीकडे वळवली. झबलं ओढणीत टाकत ती म्हणाली, "माजी दोन्हीबी यातच वाढली. तुजंबी वाढंल." मला रडू आवरेना. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

घरी येऊन झबलं लेकीच्या हातात दिलं. त्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. तिने ते नाकाशी धरलं, मांडीवर पसरलं, इवल्याशा बाहीत दोन बोटं घालून बघितली. मग म्हणाली, "आई, कपाटातला एक कप्पा रिकामा करून दे ना. बाळाला लागेल."