शिशाच्या पडद्याआडून शिकार

मी कुवेतमध्ये एक्स-रे टेक्निशियन आहे. अठरा वर्षं एकच काम: ‘श्वास रोखा, हलू नका’ म्हणायचं, शिशाच्या पडद्यामागे जायचं आणि बटण दाबायचं.

त्या हिवाळ्यात माझा करार संपत होता. नव्या करारावर सही करणार आमचे विभागप्रमुख, आणि त्यांना शिकारीचा नाद. मित्राच्या शेतावर पाळलेले तित्तर पिंजऱ्यातून सोडायचे आणि उडाले की टिपायचे. त्यांनी डोक्याला बांधायचा कॅमेरा आणला होता. पण त्यांच्या डोक्यावर तो बंदुकीच्या दणक्याने हलायचा. चित्र हलू न देणारा माणूस म्हणून त्यांना मी आठवलो. कुवेतच्या रिग्गई भागातल्या आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. बायकोला मी मशीन बघायला जातो म्हणून सांगितलं.

शेतावर कॅमेरा माझ्या डोक्याला बांधून साहेबांनी सात बार काढले. मी जीव ओतून काम केलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आम्ही चित्रण पाहिलं. पक्षी उडतो, बंदूक वर जाते, आणि कॅमेरा गर्रकन वळून जीपमागे जातो. चाक दिसतं. बार ऐकू येतो. सातही वेळा तेच चाक, अजिबात न हलता. सवयीने मी प्रत्येक वेळी आडोसा गाठला होता. करार गेला, असं मी धरून चाललो.

साहेबांनी ते पुन्हा पाहिलं. मग हळूच विचारलं, “पक्षी पुढे कुठे गेले, ते कुठेच दिसत नाही?”

“नाही सर.”

त्यांचा चेहरा खुलला. सातही तित्तर सुखरूप उडून गेले होते. ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

त्या आठवड्यात त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीत, मोठ्या पडद्यावर ते चाक दाखवलं गेलं. कुणीतरी मला विचारलं, किती पडले? साहेब चहा ढवळत राहिले. मी म्हणालो, “सात.”

सही झाली.

ते चित्रण या फोनवरून त्या फोनवर फिरत बायकोपर्यंत पोचलं. ती रागावेल म्हणून मी खाली मान घालून बसलो होतो. ती म्हणाली, “तुम्हाला बघवलं नाही ना?” मी मान डोलावली. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळात माझ्या भूतदयेचं कौतुक चालू आहे. दर वेळी खरं सांगायचं ठरवतो आणि दर वेळी प्रसाद घेऊन घरी येतो.

यंदा साहेबांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा माझ्या डोक्याला बांधला. पट्टा घट्ट करताना म्हणाले, “मागच्या वर्षी उभा होतास, तिथेच उभा राहा.”