बशी कोणी फोडली

माझ्या सासऱ्यांना सगळे पंच म्हणतात. आयुष्यभर त्यांनी एका दैनिकात खेळाचं पान लिहिलं आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर पंच म्हणून उभे राहिले. निकाल देणं त्यांच्या रक्तातच आहे. घरात कोणा दोघांची जुंपली की ते हातातला पेपर खाली ठेवतात, दोन्ही बाजू ऐकून घेतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. निकाल बहुधा चुकीचाच असतो, पण भांडण मिटतं. कारण मग दोन्ही पक्ष मिळून त्यांच्यावर उखडतात.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. मैदानाच्या कडेला उभं राहणं जमेना. त्याच सुमारास दैनिकात सिनेमावर लिहिणारी बाई लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. संपादकांनी सासऱ्यांना बोलावून घेतलं.

"पंच, सिनेमाचं पान घेता का?"

"मला त्यातलं काही कळत नाही."

"बसायला खुर्ची असते."

सासऱ्यांनी लगेच हो म्हटलं.

पहिलाच सिनेमा वाट्याला आला तो फ्रेंच. चित्रपट मंडळाच्या अध्यक्षांनी फार खटपटी करून तो मिळवला होता. हे अध्यक्ष म्हणजे तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. मऊ बोलणारे आणि लवकर दुखावणारे. दुपारचा खेळ होता. पडद्याखालच्या पाट्या भराभर वाचता येत नाहीत म्हणून सासऱ्यांनी मला सोबत नेलं. माझं काम सोपं निघालं, कारण त्या सिनेमात कोणी फारसं बोलतच नव्हतं.

एक म्हातारा बाप. त्याची थोरली मुलगी, तिचा नवरा आणि धाकटा मुलगा. आई जाऊन वर्ष झालंय आणि सगळे बापाच्या घरी जेवायला जमलेत. ते सूप पितात. बराच वेळ सूपच पितात. मग बाप सफरचंद सोलायला घेतो, आणि आपल्याला वाटतं की आता तरी काहीतरी होईल, तर तो ते पूर्ण सोलतो. मग कॅमेरा सावकाश खिडकीकडे वळतो. बाहेर एक झाड. आपण झाड बघत असतानाच मागे खळ्ळकन बशी फुटल्याचा आवाज येतो. कॅमेरा परत येतो तेव्हा जमिनीवर तुकडे पडलेले आणि चौघंही खाली माना घालून बसलेले.

सासरे खुर्चीत ताठ झाले.

"कोणी फोडली गं?"

"दाखवलं नाही, बाबा."

"मग पुढे दाखवतील."

पुढे धाकटा मुलगा बागेत पुष्कळ वेळ चालला, थोरली गाडीत बसून रडली, बापाने दिवा मालवला आणि सिनेमा संपला. सासरे दिवे लागल्यावरही उठेनात. मला वाटलं, गुडघे धरले असतील.

बाहेर अध्यक्ष दारातच उभे होते. डोळे पाणावलेले.

"अध्यक्ष, बशी कोणी फोडली?" सासऱ्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी दाढ ठणकल्यासारखे डोळे मिटले. "पंच, तो प्रश्नच नाहीये. बशी फुटली. बस्स."

"आपोआप?"

"कुटुंब फुटलं हो."

"ते दिसलंच की. मी बशीचं विचारतोय."

दुसऱ्या दिवशी परीक्षण छापून आलं. मथळा होता, 'थोरलीनेच फोडली. बापाचा बचाव कमकुवत'. सासऱ्यांनी लिहिलं होतं की पहिल्या सत्रात चारही खेळाडू फार सावध खेळले. बापाने सफरचंद सोलण्यात वेळ काढला, ही जुनी युक्ती आहे. थोरली मात्र सुरुवातीपासून आक्रमक होती, तिने मीठ तीनदा मागितलं. जावई नुसताच मैदानात होता. धाकटा परवानगी न घेता टेबलावरून उठून गेला, त्याला ताकीद मिळायला हवी होती. कॅमेरामनने ऐन मोक्याच्या क्षणी झाडाकडे पाहावं, हे अक्षम्य आहे. तरीही सर्व परिस्थिती पाहता बशी थोरलीने फोडली, हा निकाल.

अध्यक्षांनी ते वाचलं आणि त्यांचा पारा चढला. त्यांनी ताबडतोब दुसऱ्या पेपरात लांबलचक लेख लिहिला. 'शांतता हीच या चित्रपटाची नायिका आहे,' अशी सुरुवात होती. लेख चांगला होता म्हणतात. आमच्या घरी कोणी शेवटपर्यंत पोचलं नाही.

पण झालं भलतंच. मंडळाच्या खेळाला एरवी समोरच्या रांगेत पाय पसरून झोपता येतं. त्या आठवड्यात तिकिटं संपायला लागली. फ्रेंच सिनेमाच्या वाटेला कधी न गेलेली माणसं बशी बघायला येऊ लागली. थिएटरवाल्याने मुक्काम वाढवला. सूप चालू असताना लोक कुजबुजत, सफरचंदाला जांभया देत, पण कॅमेरा खिडकीकडे वळायला लागला की सगळं थिएटर डावीकडे माना वाकवी. जणू पडद्याच्या कडेवरून डोकावलं की टेबल दिसणार होतं. आवाज झाला की एकच गलका. एकदा मागच्या रांगेतले दोन इसम हमरीतुमरीवर आले आणि थिएटरवाल्याला दिवे लावावे लागले.

केशकर्तनालयात तट पडले. आमचा पोस्टमन जावयाच्या विरुद्ध होता, कारण फुटण्याआधी त्याला खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता. माझ्या दाताच्या डॉक्टरीणबाई धाकट्याच्या विरुद्ध होत्या. त्यांनी माझ्या तोंडात हत्यारं घालून मला मुद्दे समजावले आणि मला हो म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

शेवटी सासूबाईही मैत्रिणींना घेऊन जाऊन आल्या. चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "बापानेच फोडली."

सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "निकाल छापून आलाय."

"येऊ दे की. बायको गेल्यावर ज्याला घरात बशी कुठे ठेवायची ते कळत नाही, त्याच्याच हातून फुटणार ती."

"पुरावा?"

"तुम्ही," सासूबाई म्हणाल्या आणि हातपाय धुवायला गेल्या.

त्या दिवशी जेवताना दोघंही तोंडं फुगवून बसली. कोणी कोणाला काही वाढेना. माझ्या नवऱ्याने पाणी मागितलं तर दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच उठला. स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाला, "आपण काचेची भांडी जरा आत ठेवू या."

प्रकरण इतकं चिघळलं की मंडळाने रविवारी सकाळी जाहीर चर्चा ठेवली. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला पंच. सभागृह खच्चून भरलं. सासूबाई मुद्दाम अध्यक्षांच्या बाजूला जाऊन बसल्या.

अध्यक्ष छान बोलले. दिग्दर्शकाने जे दाखवलं नाही तेच पाहायला शिकलं पाहिजे, असं म्हणाले. बशी कोणी फोडली हे कळलं असतं तर उरलेले तिघं सुटले असते, आणि कोणालाच सुटू द्यायचं नाही हाच सिनेमा आहे. हे मलासुद्धा पटलं. सासरेही मान हलवत होते.

तेवढ्यात दाताच्या डॉक्टरीणबाई उठल्या. "सगळं पटलं सर. पण तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला इथे महत्त्व नाही."

"नाही कसं? तुम्ही इतक्यांदा पाहिलाय."

"तरीही."

"म्हणजे काहीच वाटत नाही?"

अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. चष्मा पुसला. परत लावला. मग अगदी हळू आवाजात, पण माइक समोर आहे हे विसरून म्हणाले, "जावई."

सगळं सभागृह पुढे वाकलं.

"तो पहिल्यापासून रुमाल चुरगाळतोय," अध्यक्ष म्हणाले आणि मग त्यांना थांबवेना. "सासऱ्याने त्याला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. सूपही शेवटी त्यालाच वाढलं. मी त्याच्या जागी असतो तर मीसुद्धा..." इथे त्यांना आपण काय बोलतोय ते उमगलं आणि ते चोरी पकडल्यासारखे लालबुंद झाले.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. पोस्टमन खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होता. सासूबाई अध्यक्षांकडे पाठ करून बसल्या. त्या कल्लोळात सासरे टेबलाला धरून उठले, लंगडत अध्यक्षांपाशी गेले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"निकाल साफ चुकीचा आहे," ते म्हणाले. "पण दिलात, हे बरं झालं."

"मला फार हलकं वाटतंय हो," अध्यक्ष म्हणाले.

सिनेमा आणखी थोडे दिवस चालला आणि गेला. बशीचा निकाल लागला नाही तो नाहीच. सासऱ्यांनी संपादकांना सांगून सिनेमाचं पान कायमचं मागून घेतलं. आता प्रत्येक खेळाला ते आणि अध्यक्ष शेजारी शेजारी बसतात आणि मी मागच्या रांगेत, गुडघ्याखाली द्यायची उशी घेऊन. परवाच्या सिनेमात एक बाई सबंध वेळ बसची वाट बघत होती. शेवटी पडदा काळा झाला आणि नुसता इंजिनाचा आवाज आला.

"चढली," अध्यक्ष बाहेर पडता पडता म्हणाले.

"ती बस नव्हतीच, ट्रक होता," सासरे म्हणाले.

वाद घालत घालत दोघं आमचा बसथांबा ओलांडून पुढे निघून गेले. मी दोनदा हाका मारल्या. मग उशी काखोटीला मारून मीही त्यांच्या मागे गेले, कारण खरं सांगायचं तर ती बाई बसमध्ये चढली की नाही, याबद्दल माझंही एक मत होतं.